पुढे सरकणारे काम, मागे राहणाऱ्या सोयी : दुर्गम भागातील एका पाइपलाइनच्या कामाचा प्रकरण अभ्यास

कामाच्या तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी पाण्याची दोन पिंपे ट्रॅक्टरवरून मुक्कामतळावर परत आली. त्यांपैकी एक जवळजवळ भरलेले होते. साइटच्या पर्यवेक्षकाने नोंदवहीत लिहिले, 'पाणी पुरून उरले.' या एका वाक्यात संपूर्ण प्रकरणाची गोम होती, पण ती लक्षात यायला आणखी पंधरा दिवस गेले.

येथे मांडलेले प्रकरण कोणत्याही एका संस्थेचे नाही. वस्तीपासून दूर चालणाऱ्या आणि रोज थोडी थोडी जागा बदलणाऱ्या कामांवर ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात, त्या एका कामाच्या चौकटीत बसवून हे प्रकरण रचले आहे आणि कामगारांची संख्या, अंतरे व लिटरचे आकडे हिशेब नीट कळावा म्हणून ठरवले आहेत. नियम आणि मानके यांचे आकडे मात्र त्या त्या मूळ दस्तऐवजांतले आहेत.

काम असे होते : १८ किलोमीटर लांबीची पाण्याची पाइपलाइन, मुदत सात महिने, ऐन भरात ६४ कामगार आणि त्यांत ११ स्त्रिया. खोदाईच्या तुकडीत ९, पाइप जोडणाऱ्या तुकडीत १४, चरात माती पसरून भराव करणाऱ्या तुकडीत २६, रस्ता ओलांडण्याच्या ठिकाणी काँक्रीट करणारे ८ आणि चालक व पहारेकरी मिळून ७. सर्व ११ स्त्रिया भरावाच्या तुकडीत होत्या. पुढे खोदाई, मधे जोडणी आणि मागे भराव अशा क्रमाने काम चाले. त्यामुळे कोणत्याही एका दिवशी कामाची आघाडी सुमारे दीड किलोमीटर पसरलेली असे आणि ती रोज सरासरी दीडशे मीटर पुढे जाई. मुक्कामतळ पाइपलाइनच्या आरंभाजवळ, पक्क्या रस्त्याला लागून उभारला होता. तिसऱ्या महिन्याच्या मध्यावर आघाडी तेथून ७ किलोमीटरवर पोहोचली होती आणि ट्रॅक्टरने जायला पंचवीस मिनिटे लागत.

मुक्कामतळाबद्दल फारशी तक्रार करण्याजोगे काही नव्हते. कामगारांच्या निवासाबाबत आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ आणि युरोपीय पुनर्रचना व विकास बँक यांनी २००९ मध्ये एकत्रितपणे काढलेल्या मार्गदर्शिकेत, ६ ते १५ माणसांमागे एक शौचालय आणि दरडोई दररोज ८० ते १८० लिटर पाणी असे प्रचलित प्रमाण दिले आहे. या तळावर सहा शौचालये होती, पाण्याचा साठा किमान मर्यादेच्या थोडा वर होता, खोल्यांत हवा खेळती होती आणि स्त्रियांच्या बाजूला रात्रभर दिवा जळत असे. पाहणीसाठी येणारा प्रत्येक अधिकारी हा तळ पाहून समाधानाने परत जाई. कामगार मात्र जागेपणीचा बहुतेक वेळ या तळापासून सात किलोमीटर दूर घालवत होते आणि तेथे दोन पिंपांखेरीज काहीही नव्हते.

पंधरवड्यात प्रथमोपचाराच्या नोंदवहीत डोके दुखणे, चक्कर येणे आणि मळमळ यांच्या चार नोंदी झाल्या. चारही भरावाच्या तुकडीतल्या, चारही दुपारी दोननंतरच्या. ऊन वाढले आहे आणि माणसे नवीन आहेत, असा अर्थ लावून विषय मिटवला गेला. कारण अगदीच चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, कारण त्याच उन्हात काम करणाऱ्या जोडणीच्या तुकडीतून एकही नोंद आलेली नव्हती. महिन्यातून एकदा येणाऱ्या परिचारिकेशी भरावाच्या तुकडीतली एक वयस्क बाई बोलली, तेव्हा उलगडा झाला. "पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायला आडोसा नाही. मग आम्ही पाणीच कमी पितो." तिने पुढे हेही सांगितले की तिघीजणींना लघवीला जळजळ होत आहे आणि प्रथमोपचाराची पेटी पुरुष सांभाळतो म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. पाळीच्या दिवसांत दोघी हजेरी बुडवून तळावरच थांबत होत्या. हजेरीपटावर ती त्यांची गैरहजेरी होती आणि तिची मजुरी कापली जात होती.

आता पिंपाचा हिशेब पुन्हा मांडू. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याने दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे पाव लिटर पाणी प्यावे, असे अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या यंत्रणा सांगतात. ताशी पाऊण लिटर धरले तरी आठ तासांत एका माणसाला सहा लिटर आणि भरावाच्या २६ जणांना १५६ लिटर पाणी लागते. त्या तुकडीचे २०० लिटरचे पिंप संध्याकाळी १५५ लिटर पाणी घेऊन परतत होते. म्हणजे माणशी दोन लिटरही खर्च होत नव्हते आणि त्यातच हात धुण्याचे पाणीही आले. उरलेले पाणी म्हणजे मुबलक पाणी, असे पर्यवेक्षकाने मानले. वास्तविक उरलेल्या पाण्याचा मोठा भाग कोणाच्या तरी घशाखाली न गेलेला होता. मला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते : पुरावा रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर येत होता, मोजलाही जात होता आणि त्याचा अर्थ नेमका उलटा लावला जात होता.

पाण्यात दुसरा दोषही सापडला. तळावरच्या टाकीत क्लोरिनची मात्रा तपासली जाई आणि ती ठीक असे. पिण्याच्या पाण्यात नळापाशी लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरलेले असावे, ही सर्वसाधारण अपेक्षा ती टाकी पूर्ण करत होती. पण दुपारी बारा वाजता पिंपातल्या पाण्याची तपासणी केली तेव्हा क्लोरिनचा मागमूस नव्हता. झाकण सैल होते, पिंप उन्हात होते, आणि पाणी काढण्यासाठी सगळे एकच भांडे हात बुडवून वापरत होते. पाणी जेथे साठवले जाई तेथे ते शुद्ध असे. जेथे प्यायले जाते तेथे ते तसे राहते का, हे पाहण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नव्हते.

हे असे का झाले, याचा शोध घेताना पर्यवेक्षकाच्या हलगर्जीपणापाशी थांबणे सोपे होते, पण ते अन्यायाचे ठरले असते. मूळ दोष कराराच्या कागदातच होता. कामगार कल्याणाच्या सर्व सोयींसाठी एकच ठोक रक्कम धरली होती आणि तिचा मोठा भाग मुक्कामतळ उभा राहताच अदा होणार होता. आघाडीबरोबर पुढे न्यायच्या सोयींसाठी वेगळी बाब नव्हती. मुख्य कंत्राटदाराला वाटे की साइटवरची व्यवस्था पोटकंत्राटदाराने करायची, पोटकंत्राटदाराला वाटे की कल्याणाचे पैसे मुख्य कंत्राटदाराने उचलले आहेत, आणि मुकादमाच्या हातात तर खर्च करण्याचा अधिकारच नव्हता. ज्या खर्चाला कागदावर धनी नसतो, तो खर्च शेवटी कामगाराच्या शरीरातून वसूल होतो.

नियमांच्या भाषेतही एक फट होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या बांधकामातील सुरक्षितता व आरोग्यविषयक १९८८ च्या करारात, म्हणजे करार क्रमांक १६७ मध्ये, अनुच्छेद ३२ कल्याणाच्या सोयींविषयी आहे. पिण्यायोग्य पाणी, शौचालय व हातपाय धुण्याची सोय, कपडे बदलण्याची आणि वाळवण्याची जागा, जेवणासाठी व खराब हवामानात काम थांबल्यास आसरा घेण्यासाठी जागा, आणि स्त्रीपुरुषांसाठी स्वतंत्र शौचालये व धुण्याच्या सोयी, हे सारे त्यात येते. पण या सोयी प्रत्येक बांधकामस्थळी 'किंवा वाजवी अंतरात' असाव्यात, अशी शब्दरचना आहे. वाजवी म्हणजे किती, हे मीटरमध्ये सांगितलेले नाही. जगभरच्या कामांना लागू होणाऱ्या करारात ते सांगणे कठीण आहे, हे समजण्यासारखे आहे; मात्र तेवढ्या शब्दाचा आधार घेऊन सात किलोमीटर अंतरही खपवता येते. अमेरिकेच्या बांधकामविषयक नियमांत, जवळच्या शौचालयापर्यंत नेणारे वाहन सहज उपलब्ध असेल तर फिरत्या तुकड्यांना जागेवर शौचालय देण्याच्या अटीतून सूट आहे. या कामावर वाहन होते, पण ते दिवसभर पाइप ओढत होते. एका बाईला शौचालयाला जायचे आहे म्हणून चालकाला हाक मारून, साऱ्या तुकडीसमोर ट्रॉली रिकामी करवून पन्नास मिनिटांची फेरी करायची, याला सहज उपलब्धता म्हणता येणार नाही.

अमेरिकेच्याच शेतमजुरांसाठीच्या नियमात मात्र एक स्पष्ट माप सापडते : २० कामगारांमागे एक शौचालय व हात धुण्याची सोय, आणि ती पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटर पायी अंतराच्या आत. शेतातल्या तोडणीच्या तुकड्याही अशाच पुढे पुढे सरकतात. त्यामुळे पाइपलाइनच्या कामाला बांधकामाच्या नियमापेक्षा शेतीचा नियम अधिक लागू पडतो, असे माझे मत आहे आणि या प्रकरणात पुढील आखणी त्याच मापावर केली गेली.

तीन पर्याय समोर होते. पहिला, माणसांची ने-आण करण्यासाठी वेगळे वाहन ठेवणे. तो लगेच बाद झाला, कारण काम पुढे जाईल तशी फेरी लांबत जाणार होती आणि 'जाऊन येऊ का' हे विचारण्याचा संकोच त्याने संपणार नव्हता. दुसरा, दर थोड्या अंतरावर खड्ड्याचे तात्पुरते शौचालय खोदणे. तो स्वस्त दिसत होता. पण मानवतावादी मदतकार्यासाठी असलेल्या स्फिअर मानकांनुसार असा खड्डा भूजलाच्या स्रोतापासून किमान ३० मीटर दूर असावा आणि त्याचा तळ भूजल पातळीच्या किमान दीड मीटर वर असावा. येथे काही भागात हातभर मातीखाली खडक होता, काही भागात ओढा जवळ होता, आणि पिण्याच्या पाण्याची वाहिनी टाकत असताना तिच्या कडेने खड्ड्यांची रांग मागे ठेवत जाणे कोणालाच पटले नाही. तिसरा पर्याय, चाकांवरची शौचालये. तोच स्वीकारला गेला.

एका ट्रेलरपासून दोन्ही बाजूंना ४०० मीटर धरले तर ८०० मीटरचा पट्टा आवाक्यात येतो, म्हणून दीड किलोमीटरच्या आघाडीसाठी दोन ट्रेलर लागले. मागच्या ट्रेलरवर स्त्रियांसाठी दोन कक्ष आणि विरुद्ध बाजूला दार असलेला पुरुषांसाठी एक, तर पुढच्या ट्रेलरवर पुरुषांसाठी दोन कक्ष व दोन मुतारीची भांडी. अमेरिकेच्या बांधकाम नियमाप्रमाणे २० हून अधिक कामगार असतील तर ४० जणांमागे एक शौचालय आणि एक मुतारी चालते, पण ते प्रमाण मला फार तोकडे वाटते. ब्रिटनमध्ये आठवड्यातून एकदा रिकाम्या केल्या जाणाऱ्या फिरत्या शौचालयासाठी ७ जणांमागे एक हे प्रमाण वापरात आहे. कक्षांच्या संख्येइतकेच टाकी किती दिवसांनी रिकामी होते हेही महत्त्वाचे असते, हे त्या प्रमाणातून कळते. येथे मैला उपसण्याची फेरी आठवड्यातून दोनदा ठेवली, म्हणून पाच कक्षांत काम भागले.

प्रत्येक ट्रेलरला ताडपत्रीची ओढता येणारी सावली, बसायला बाके, तोटी असलेली, झाकणबंद, उष्णतारोधक पाण्याची भांडी आणि हात धुण्यासाठी वेगळ्या पाण्याची टाकी जोडली. धुण्याचे कुंड कोपरापर्यंत हात मावेल एवढे खोल घेतले. हे काँक्रीटच्या तुकडीसाठी आवश्यक होते. ओल्या सिमेंटचा सामू १२ ते १३ असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असते, आणि सुरुवातीला वेदना फारशा होत नसल्यामुळे कातडी भाजेपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. तोवर त्या आठ जणांनी हात धुण्यासाठी पिण्याचे पाणी वापरायचे की तसेच जेवायला बसायचे, एवढाच पर्याय होता. पिण्याच्या पाण्याची भांडी शौचालयाच्या बाजूला न लावता ट्रेलर उभा केल्यावर उतरवून सावलीत दूर ठेवायची, असे ठरले. भारताच्या १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने पिण्याच्या पाण्याची जागा शौचालय, मुतारी व धुण्याच्या जागेपासून ६ मीटरच्या आत नसावी, असा दंडक घातला होता. तेच अंतर येथे पाळले गेले.

पहिल्या आठवड्यात मागच्या ट्रेलरवरचे स्त्रियांचे कक्ष जवळजवळ वापरलेच गेले नाहीत. स्त्रियांना सोय नको आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह एक-दोघांना झालाही. पण त्यांना विचारल्यावर कळले की दार पाइप वाहणाऱ्या वाहनांच्या वाटेकडे उघडते आणि पायऱ्या चढताना सारे पाहतात. आतली कडी बाहेरून ढकलली तरी हलत होती. ट्रेलर उलटा उभा करणे, दारापुढे कापडी आडोसा बांधणे, कडीच्या जागी जाड अडसर लावणे आणि आत झाकणाचा कचरा डबा ठेवून तो रोज रिकामा करण्याची व्यवस्था करणे, एवढ्या बदलांना एक दिवस पुरला. हे आधीच कळले असते, फक्त ट्रेलर बनवण्यापूर्वी या ११ जणींपैकी कोणाला तरी आराखडा दाखवायला हवा होता. तो कोणीही दाखवला नव्हता.

स्वच्छतेचा प्रश्न अधिक नाजूक होता. 'तुम्हीच आळीपाळीने करा' असे स्त्रियांना सांगण्याचा प्रस्ताव आला आणि तो योग्य कारणाने नाकारला गेला. सफाई हे काम आहे, म्हणून त्याला माणूस, वेळ, हातमोजे आणि मजुरी ही चारही लागतात. त्यासाठी पूर्ण वेळेचा एक मदतनीस नेमला आणि दर पाळीत दोन वेळा सफाईची नोंद ठेवली.

ट्रेलर सरकवण्याचे काम मात्र सर्वांत आधी विसरले जाऊ लागले. दीडशे मीटरच्या गतीने तीन दिवसांत अंतर साडेचारशे मीटरने वाढते, म्हणजे तीन दिवसांची दिरंगाई झाली तर सोय पुन्हा आवाक्याबाहेर जाते. उपाय साधा निघाला. एक दिवसाआड संध्याकाळी ट्रेलर पुढे नेल्याची नोंद झाल्याशिवाय दुसऱ्या दिवशीच्या खोदाईची चिठ्ठी द्यायची नाही. खोदाई थांबणे कोणालाच परवडत नसल्यामुळे ट्रेलर सरकू लागला. मैला उपसण्याच्या गाडीने मात्र पावसानंतर दगा दिला. जड गाडी कच्च्या वाटेवर चढेना आणि एकदा सलग चार दिवस टाक्या भरलेल्या राहिल्या. त्यानंतर ट्रॅक्टरने ओढता येईल अशी, मैला शोषून घेणारी निर्वात टाकी घेतली आणि मैला तळावरच्या बंद टाकीत आणून तेथून मोठ्या गाडीने नेण्याची पद्धत सुरू केली.

उन्हाच्या बाबतीत नवीन माणसांसाठीही वेगळा नियम केला. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार अगदी नवख्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हातल्या कामाचा २० टक्केच वेळ द्यावा आणि तो रोज फार तर २० टक्क्यांनी वाढवावा. मुकादमांना हे सुरुवातीला पटेना, कारण मजुरी पूर्ण आणि काम पाचव्या हिश्श्याचे. उरलेल्या वेळेत नवख्यांना सावलीतली कामे देण्याची मुभा मिळाल्यावर त्यांचा विरोध मावळला.

चौथ्या महिन्याच्या अखेरीस भरावाच्या तुकडीचा पाण्याचा खर्च दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास पोहोचला. प्रथमोपचाराच्या वहीत त्या महिन्यात चक्कर येण्याची एकच नोंद झाली आणि तीही कामाच्या दुसऱ्या दिवशी असलेल्या नवख्या कामगाराची. एवढ्या लहान संख्येवरून मोठे दावे करता येत नाहीत. पण त्या तुकडीतल्या स्त्रियांची महिन्याची हजेरी वाढली आणि प्रथमोपचाराची दुसरी पेटी त्या वयस्क बाईकडे प्रशिक्षण देऊन सोपवल्यावर, पूर्वी कधीच नोंदल्या न गेलेल्या तक्रारी वहीत येऊ लागल्या. वहीतल्या नोंदी त्यामुळे काही काळ वाढल्याच, आणि ही वाढ चांगली आहे हे वरिष्ठांना समजावून सांगावे लागले.

एक उणीव बराच काळ तशीच राहिली. रात्री आघाडीच्या टोकाला यंत्रांजवळ राहणारे दोन पहारेकरी या साऱ्या हिशेबात कोठेच धरले गेले नव्हते, कारण दिवसाच्या आखणीत ते 'तळावरचे' म्हणून मोजले होते आणि रात्रीची आखणी कोणी केलीच नव्हती. पुढचा ट्रेलर रात्री कुलूपबंद असे आणि किल्ली तळावर राही. पाचव्या महिन्यात एका पाहणीत हे उघड झाले, तेव्हा किल्ली त्यांच्याकडे देणे, एक दिवा, सावलीच्या ताडपत्रीला तीन बाजूंचा वाराबंद पडदा आणि पाण्याचे वेगळे भांडे, एवढे काम एका दुपारी झाले. चार महिने दोन माणसांनी ज्यावाचून रात्री काढल्या, ते इतके थोडे होते.

पुढच्या टप्प्याच्या करारात कल्याणाची ठोक रक्कम फोडून दोन बाबी केल्या गेल्या : मुक्कामतळ वेगळा आणि आघाडीवरच्या सोयी वेगळ्या, दर ट्रेलरमागे दर दिवसाप्रमाणे. दिवसाचे देयक मंजूर होण्यासाठी चार नोंदी लागतात. ट्रेलर आणि शेवटच्या कामगारामधले अंतर, पिण्याच्या भांड्यातील दुपारचा क्लोरिन, सफाईच्या दोन वेळा आणि संध्याकाळी उरलेले पाणी. त्या नोंदीखाली मुकादमाबरोबर तुकडीतल्या एका स्त्री कामगाराची सही असावी लागते, आणि उरलेले पाणी पुरवलेल्या पाण्याच्या निम्म्याहून अधिक असेल तर त्याच दिवशी कारण विचारून ते लिहावे लागते.